बाळंतिणीचे मन

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी या व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. आम्ही विषय कळविला आणि दोनच दिवसांत त्यांचा निरोप आला की, संमेलनाचा प्रसंग आनंदाचा, त्यात हा विषय थोडा उदास वाटेल. शिवाय समोर लग्नाच्या मुली बसलेल्या असतील. आम्ही त्यांना उत्तर धाडले की, त्या मुली समोर असतील म्हणूनच हा विषय घ्यावयाचा आहे. चिटणीसबाई मनाने मोठ्या. त्यांनी ते मान्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

प्रसूतिगृहाच्या कामात आमची जवळजवळ तीस वर्षे गेली. बाळंतिणीच्या शरीराची काळजी घेण्यात आपला समाज कोणापेक्षाही उणा नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. मुलीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणावयाचे, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करावयाचे, अंगाला तेल लावून शेकावयाचे, बाळंतशेप खाऊ घालावयाची, सव्वा महिना तिला पाण्यात हात घालू द्यावयाचा नाही, हे सारे आपल्या आयाआज्यांनी पिढ्यान् पिढ्या केले. त्यातली शेगडी आणि धुरी आज डॉक्टरांना मान्य होणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु थकलेल्या जिवाला विसावा मिळावा हा या रीतींमागचा हेतू शहाणपणाचाच होता. आता घरे लहान झाली, माहेरची आई स्वतः नोकरीवर जाते, मुलगी पुण्याला तर आई नागपूरला, आणि कित्येक मुली तर परदेशी चार भिंतींच्या आत एकट्याच बाळंत होतात. तेव्हा तो विसावाही पहिल्यासारखा राहिलेला नाही. आणि राहिला होता तेव्हासुद्धा बाळंतिणीच्या मनाची विचारपूस त्यात कितपत होती, याविषयी आम्हांस शंका आहे. खोलीत अंधार, दारावर पडदा, आणि आत कोणी रडत असेल तर 'दृष्ट लागली असेल', 'बाहेरचे काही असेल' किंवा 'बाळंतवात झाला' एवढीच मीमांसा.

वस्तुतः प्रसूतीनंतर मनाच्या तीन निरनिराळ्या अवस्था संभवतात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली अगदी साधी. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ बाळंतिणींना, किंबहुना निम्म्यांहून अधिक जणींना, कारण नसता रडू येते. क्षणात हसू, क्षणात आसू. दहा-पंधरा दिवसांत हे आपोआप निवळते. प्रेमाचा शब्द आणि झोप यापलीकडे त्याला औषध लागत नाही. याच्या अगदी उलट टोकाची अवस्था फार विरळा, हजार बाळंतिणींत एकदोघींना येणारी. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत ती उद्भवते. झोप पार उडते, बाई असंबद्ध बोलू लागते, नसलेले आवाज ऐकते, बाळाविषयी भलत्याच कल्पना करू लागते. हिला तातडीने, त्याच दिवशी, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावयाचे. येथे समुपदेशन पुरत नाही आणि घरी थांबून पाहणे धोक्याचे.

या दोहोंच्या मध्ये जे आहे ते आमच्या आजच्या बोलण्याचा विषय. त्याला प्रसूतिपश्चात नैराश्य म्हणतात. ते हळूहळू चढते. पंधरा दिवस उलटून गेले तरी उदासी हटत नाही, बाळ झोपले तरी आईला झोप लागत नाही, भूक मरते, पूर्वी जे आवडे त्यात मन लागत नाही, आणि सर्वांत क्लेशदायक म्हणजे 'मी चांगली आई नाही' ही बोचणी दिवसरात्र सुटत नाही. मात्र आपल्याकडच्या स्त्रिया 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणतात. आमच्यापुढे त्या आल्या त्या डोके भणभणते, हातापायांची आग होते, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, अशा तक्रारी घेऊन. सर्वांत अधिक वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे 'मला दूध पुरत नाही.' बाळाचे वजन पाहावे तर उत्तम वाढत असते. दूध पुरत असते. पुरत नसतो तो तिचा धीर.

हा आजार पाश्चात्यांचा, सुखवस्तूंचा, किंवा आजकालच्या शिकलेल्या मुलींचा नाजूकपणा, असे म्हणणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्याकरिता दोनतीन आकडे सांगतो. फ्रान्समधील मार्से या वैद्याने गर्भिणी व बाळंतिणींच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो 1858 साली, म्हणजे आपल्या पणज्यांच्याही आधी. भारतात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या 38 अभ्यासांची, सुमारे वीस हजार मातांची, माहिती एकत्र करून 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत जो लेख आला त्यात हे प्रमाण 22 टक्के निघाले. पाच बाळंतिणींत एक! या सभागृहात ज्या माता बसल्या आहेत त्यांनी आपल्या रांगेकडे एकदा नजर टाकावी आणि मनातल्या मनात हिशेब करावा. तो उच्चारून दाखविण्याची आवश्यकता नाही.

आणि आपल्या शेजारच्या गोव्याचेच पाहा. तेथे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 270 गर्भवती स्त्रियांची माहिती घेऊन बाळंतपणानंतर त्यांचा मागोवा ठेवला. तो अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी पाहिले तेव्हा 23 टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या होत्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिने लोटले तरी बऱ्या झालेल्या नव्हत्या. त्यांच्यापैकी बहुतेकींचे मन गरोदरपणातच पोळलेले होते, हेही दिसून आले. कारणे कोणती? गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मारहाण. आणि बाळ मुलगा की मुलगी. मुलगी झालेल्या घरात बाकीच्या दुःखांना अधिक धार चढत होती. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, ही आपली रीत निरुपद्रवी वाटते खरी, पण खोलीत निजलेल्या बाळंतिणीला बाहेरच्या खोक्यात काय आहे हे वासावरून कळते, एवढेच आम्ही येथे म्हणतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या मातांना साह्य कोणी आणि कसे करावयाचे?

'समुपदेशन' हा शब्द आपल्या भाषेत नवा आहे आणि त्याने थोडा घोटाळा केला आहे. शब्दात उपदेश आहे, परंतु कामात उपदेश जवळजवळ नाही. उपदेशाची आपल्या घरांत कधीच टंचाई नव्हती. 'सगळ्याच बायका बाळंत होतात', 'आम्ही नाही का पाच वाढवली', 'मन घट्ट कर', 'देवाचे नाव घे'. हे सर्व सद्भावनेने बोलले जाते आणि ऐकणारीच्या अंगावर दगडासारखे पडते, कारण तिला त्यातून एकच अर्थ कळतो: इतरांना जमते ते तुला जमत नाही.

मग करावयाचे काय, ते एडिंबरोच्या कामावरून समजेल. स्कॉटलंडमध्ये घरोघर जाऊन बाळांची विचारपूस करणाऱ्या सरकारी आरोग्यपरिचारिका असतात. तेथील कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्स्की यांनी प्रथम 1987 साली दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार केली. गेल्या सात दिवसांत तुला हसू आले का, विनाकारण स्वतःला दोष दिलास का, झोप लागली का, अशा तऱ्हेचे प्रश्न. माता स्वतः पाच मिनिटांत उत्तरे देऊ शकते. पुढे त्यांनी या परिचारिकांना थोडक्यात शिक्षण दिले की, नैराश्य आढळलेल्या मातेकडे आठवड्यातून एकदा असे आठ आठवडे जावयाचे, आणि बाळाविषयी सल्ला देण्याची आपली नेहमीची सवय आवरून तिचे म्हणणे ऐकावयाचे. 1989 साली याचा परिणाम जाहीर झाला. ज्यांच्याकडे अशा भेटी झाल्या त्या 26 मातांपैकी 18 पूर्ण बऱ्या झाल्या. ज्यांच्याकडे झाल्या नाहीत त्या 24 पैकी 9. संख्या लहान आहे हे खरे. पण या भेटींत औषध नव्हते, यंत्र नव्हते. होता तो फक्त कान.

ऐकणे हे सोपे काम आहे असे कोणी समजू नये. आम्ही ते शिकण्यात वर्षे घालविली. आपण बाळंतिणीच्या घरी जातो तेव्हा पहिला प्रश्न असतो 'बाळ कसे आहे?' आणि दुसरा 'कोणासारखे दिसते?' तेथे 'अगं, तू कशी आहेस?' असे विचारावे. ती म्हणेल, 'बरी आहे, काकू.' तेथे न थांबता आणि न बोलता बसून राहावे. ही अर्ध्या मिनिटाची शांतता फार अवघड असते. आपली जीभ वळवळते. पण बहुधा त्या शांततेनंतरच खरे उत्तर येते. एका घरी आम्हांस असे उत्तर आले: 'काकू, हे रडायला लागले की मला पळून जावेसे वाटते.' अशा वेळी 'असे बोलू नये, पोरी' हे शब्द ओठांवर येतात. ते गिळावेत. 'किती दिवस असे वाटते आहे?' एवढेच विचारावे. तिने जे उच्चारले ते ऐकून समोरची बाई दचकली नाही, उठून गेली नाही, हे पाहूनच तिचा अर्धा भार उतरतो. मग पुढच्या आठवड्यात, त्याच दिवशी, त्याच वेळी पुन्हा जावयाचे. ठरलेली वेळ पाळणे याला आम्ही फार महत्त्व देतो. जिचा सारा दिवस बाळाच्या लहरीवर चालतो तिला आठवड्यात एक गोष्ट तरी ठरल्याप्रमाणे घडते, याचा आधार असतो.

जीव नकोसा होतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. त्या दहा प्रश्नांतला शेवटचा प्रश्न तोच आहे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आले तर मात्र तिला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे नेण्यात रात्र मध्ये जाऊ देऊ नये.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण तेथली सासूही आपल्या सासूसारखीच आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या आसपासच्या खेड्यांत डॉ. अतीफ रहमान यांनी गावोगावच्या आरोग्यसेविकांना असे काम शिकविले. त्यांतील शहाणपणाचा भाग असा की, 'तुमची सून आजारी आहे' असे घरात कोणी म्हटलेच नाही. बाळ धष्टपुष्ट आणि हुशार व्हावे याकरिता आईशी बोलावयाचे आहे, असे सांगून सेविका घरात जात. नातवासाठी म्हटल्यावर कोणती आजी नाही म्हणेल? मग हळूहळू सासू आणि नवरा यांनाही त्या बोलण्यात ओढावयाचे. रात्री एकदा बाळ कोण घेईल, दुपारी तिला कोण निजू देईल, हे ठरवून टाकावयाचे. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचे होईपर्यंत अशा सोळा भेटी. सुमारे नऊशे मातांचा हा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहता ज्यांना ही मदत मिळाली त्यांत 23 टक्के अजून आजारी होत्या, इतरांत 53 टक्के. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत पुस्तिकारूपाने सर्व देशांकरिता छापली.

गोव्यातही 'संगत' संस्थेने याच पद्धतीचा प्रयोग केला. तेथे काम करणाऱ्या बायका शेजारपाजारच्या साध्या माता होत्या आणि त्यांना 'सखी' हे सुरेख नाव दिले होते. त्याचे फळ रावळपिंडीइतके ठसठशीत आले नाही, माफकच आले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सखी ही जादूगार नव्हे. परंतु खर्च थोडा आणि अपाय काही नाही, एवढे त्यातून निश्चित झाले. कॅनडात तर पूर्वी याच दुःखातून गेलेल्या मातांनी नव्या मातांशी नुसते टेलिफोनवर बोलावयाचे, अशी योजना झाली. सातशे मातांच्या त्या अभ्यासात बारा आठवड्यांनी बोलणे झालेल्यांपैकी 14 टक्के आणि न झालेल्यांपैकी 25 टक्के मातांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. हे 2009 सालचे. ज्या मुली आज परदेशी आहेत आणि ज्यांच्या आया येथे या सभेत बसल्या आहेत, त्यांना या उदाहरणाचा उपयोग व्हावा.

आपल्या सरकारी व्यवस्थेत हे कोठे बसेल, असे कोणी विचारील. गडचिरोलीच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिच्या धर्तीवर आज आशा कार्यकर्ती जन्मानंतरच्या 42 दिवसांत सहा वेळा घरी येते. बाळाला तोलते, ताप पाहते. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी आई बाळाला लसीकरिता दवाखान्यात नेते. म्हणजे पहिल्या साडेतीन महिन्यांत नऊ वेळा ती माता आरोग्यखात्याच्या डोळ्यांपुढे असते. बाळाचे वजन नऊ वेळा होते. तिच्या मनाचे एकदाही नाही, हा आमचा तरी अनुभव आहे.

आता जे बोलावयाचे ते आपल्या घरचे आहे, म्हणून थोडे सांभाळून परंतु स्पष्ट बोलतो.

आपली ज्ञाती लहान. सकाळी एखाद्या घरात भांडे पडले तर दुपारपर्यंत त्याचा आवाज ज्ञातिगृहात पोचतो. यात माया आहे तशी दहशतही आहे. बाळंतिणीला डोक्याच्या डॉक्टरकडे नेले असे बाहेर फुटले की धाकट्या बहिणीच्या सोयरिकीला खीळ बसते. वधूवर मेळाव्यात 'त्यांच्याकडे काहीतरी आहे म्हणे' असे कुजबुजले जाते. म्हणून घरचे लोक ते झाकतात. शेजाऱ्यांपासून झाकले तर आम्ही समजू शकतो. पण प्रसूतीच्या डॉक्टरपासूनही झाकतात, आणि येथे खरा घात होतो. पूर्वी कधी मानसिक आजार झालेला असेल, किंवा आई-बहिणीला बाळंतपणात तो झालेला असेल, तर धोका वाढतो ही गोष्ट खरी आहे. डॉक्टरला ते आधी ठाऊक असेल तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता येते. ज्या लाजेने आपण बोलत नाही त्या लाजेची किंमत नात्यातल्या पुढच्या मुलीला द्यावी लागते.

आमच्या शाखेने एक योजना मांडली आहे आणि ती कार्यकारिणीपुढे आहे. तीत दहा-बारा भगिनींना तज्ज्ञांकडून हे ऐकण्याचे शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ बंधूंनी सुचविले की साह्य घेणाऱ्या मातांची नोंद शिष्यवृत्तीच्या नोंदीप्रमाणे वार्षिक अहवालात यावी, म्हणजे देणगीदारांना काम दिसेल. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही याला विरोध करतो. अहवालात फक्त संख्या यावी. नावाची वही असूच नये. पुण्याच्या मातेशी नाशिकच्या भगिनीने बोलावे, नाशिकच्या मातेशी सोलापूरच्या. आणि वधूवर सूचक मंडळावर काम करणाऱ्या कोणाही भगिनीला या कामात घेऊ नये, मग ती कितीही प्रेमळ असो. ज्या बाईला ज्ञातीतल्या कोणाशीच बोलावेसे वाटत नसेल तिच्याकरिता सरकारी टेली-मानसचा 14416 हा क्रमांक आहे. 2022 सालापासून तो चालू आहे, रात्रंदिवस लागतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. संस्थेतर्फे आपण दर बाळंतिणीला बाळंतविडा पाठवितो. त्यात झबले आणि टोपडे यांच्या घडीत हा क्रमांक छापलेली चिठ्ठी घालावी. याला खर्च किती येईल हे खजिनदारांनीच सांगावे.

औषधांविषयी दोनच वाक्ये. आजार तीव्र असेल तर ऐकून भागत नाही, औषध लागते. आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत, ती निवडणे डॉक्टरांचे काम. थकवा आणि उदासी यांमागे रक्त कमी असणे किंवा थायरॉईडचा दोष नाही ना, हेही तपासून घ्यावे. रुग्णालयात राहण्याची वेळ आलीच तर आईपासून मूल तोडतील या भीतीने पुष्कळ घरे पाय मागे घेतात. त्यांना सांगावे की, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः आईपासून वेगळे करता येत नाही. आणि बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर 2009 सालापासून आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करण्याचा स्वतंत्र विभाग आहे.

मागच्या रांगांत बसलेल्या बंधूंना एक विनंती आहे. रात्रीचे एक दूध काढून ठेवलेले असेल तर ते तुम्ही पाजू शकता. त्यायोगे तिला सलग चार-पाच तास झोप मिळते, आणि त्या झोपेचा गुण आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. तुमच्यापैकी काहींना स्वतःलाही या काळात असेच उदास वाटले असेल. बापांनाही हे होते. त्यांनीही बोलावे.

ज्या भगिनींना या कामात यावेसे वाटते त्यांनी कागदावर नाव लिहून देऊ नये, समोरच्या रांगेतून हातही वर करू नये. सभा आटोपल्यावर ज्ञातिगृहाच्या मागच्या ओसरीवर आम्ही सहा वाजेपर्यंत बसणार आहोत. स्वतःकरिता काही विचारावयाचे असेल त्यांनीही तेथेच यावे; कोण कशाकरिता आली हे कोणाला कळण्याचे कारण नाही.